देवळाबाहेरच्या चपला

आमच्या सरांनी मला हाताखाली घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला होता. माझं उत्तर बरोबर होतं की चूक, हे त्यांनी पुढची नऊ वर्षं सांगितलं नाही.

प्रश्न असा. तुम्ही देवळातून बाहेर येता. चपलांच्या ढिगात तुम्हाला एक बरा जोड दिसतो. हा दुसऱ्याचा आहे, हे मनाशी नीट समजून, इकडेतिकडे बघून, तुम्ही तो पायात घालता आणि चालू लागता. घरी येऊन उजेडात पाहता, तो तुमचाच निघतो. गुन्हा झाला का?

मी नुकतीच कायद्याची परीक्षा पास झाले होते, त्यामुळे मला सगळं येत होतं. मी म्हणाले, गुन्हा नाही; आपलीच वस्तू आपल्याला चोरता येत नाही. सर "हं" म्हणाले आणि सोमवारपासून यायला सांगितलं. पुढे कळलं की माझ्या आधीच्या ज्युनिअरने "गुन्हा झाला" असं ठासून सांगितलं होतं आणि त्यालाही सर "हं"च म्हणाले होते. त्याच्याही आधी आलेल्या एकाने उलट विचारलं होतं, की स्वतःच्या चपला ओळखू येत नाहीत असा माणूस वकिलाकडे कशाला येईल, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईल. त्याला मात्र सरांनी ठेवून घेतलं नाही. तो आता जमिनीच्या दलालीत आहे आणि आम्हा सगळ्यांपेक्षा सुखी आहे.

सरांचं ऑफिस लोणावळ्याच्या बाजारात, एका चिक्कीच्या दुकानाच्या वर होतं. खाली गूळ कढायला लागला की वर फायलींना चिकटा यायचा. समोरच्या पक्षाचे वकील म्हणायचे, यांचा अर्ज एकदा हातात आला की सुटत नाही. काम सगळं वडगावच्या तालुका कोर्टात. सर लोणावळ्याहून लोकलने यायचे, मी घोरावाडीहून, आणि वडगावच्या फलाटावर आमची गाठ पडायची. तिथेही त्यांचा वर्ग चालू असे.

गुन्ह्याच्या चार पायऱ्या, हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. इरादा, तयारी, प्रयत्न, पूर्ती. पहिल्या दोन पायऱ्यांवर कायदा सहसा तुम्हाला हात लावत नाही. मनात कितीही खून पडोत आणि घरात कितीही सुऱ्यांना धार लागो. तिसऱ्या पायरीवर पाय पडला की तुम्ही सापडलात. आता दुसरी संपते कुठे आणि तिसरी सुरू होते कुठे, यावर जगभरच्या न्यायाधीशांनी डोकेफोड केलेली आहे. सरांनी ती डोकेफोड घरगुती केली होती. तिकीट काढणं ही तयारी. फलाटाच्या कडेला जाणं, तीही तयारीच. डब्याच्या पायरीवर पाय ठेवणं हा प्रयत्न. गाडी एक स्टेशन अलीकडे, कान्ह्यालाच थांबून राहिली असेल तर? तर अशक्य प्रयत्न, आणि त्याबद्दल शिक्षा व्हायची असेल तर ती रेल्वेला व्हावी.

त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पान वाढता वाढता मला विचारलं, "चार पायऱ्या झाल्या का गं तुझ्या?" मी हो म्हणाले. तर म्हणाल्या, "आमच्या लग्नात इरादा माझ्या वडिलांचा, तयारी आईची, प्रयत्न माझा. यांची पूर्ती अजून चालूच आहे." सर शांतपणे भात कालवत होते. म्हणाले, "संगनमत म्हणतात त्याला. आरोपी क्रमांक चार मी."

त्यांच्या टेबलावर एक पत्र्याची पेटी असे, कुलूप लावलेली. किल्ली शेजारीच, उघड्यावर. अशिलाला वाटायचं, आत महत्त्वाचे दस्त असतील. मी तीन महिने तग धरला. एका दुपारी सर कोर्टात असताना मी पेटी उघडली. आत एक चिठ्ठी, सरांच्या उभट अक्षरात: "पेटी रिकामी आहे, पण तुम्ही प्रयत्न पूर्ण केला आहे. कलम ५११. चहा तुमच्याकडून."

रिकाम्या पेटीत दागिने शोधणारा चोर आणि रिकाम्या खिशात हात घालणारा खिसेकापू, हे दोघे सरांचे लाडके. दोघांनाही काही मिळत नाही आणि दोघेही दोषी ठरतात, कारण आत काही नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं, मग चपलांचं काय? तिथेही माणसाला ठाऊक नव्हतंच. सर म्हणाले, "खिसा रिकामा निघणं हे चोराचं दुर्दैव. चपला आपल्याच निघणं हे..." आणि तिथे थांबले. ते नेहमी तिथेच थांबायचे. मला पहिली काही वर्षं वाटायचं की पुढचं वाक्य फार खोल असणार. नंतर संशय येऊ लागला की पुढचं वाक्य त्यांच्याकडे नाहीच.

जुनी दंडसंहिता जाऊन नवा कायदा आला तेव्हा वकिलांच्या बारमध्ये बरीच भाषणं झाली. एका ज्येष्ठांनी तर गुलामीची साखळी तुटल्याचं सांगितलं आणि लगेच कुणाकडे तरी जुन्या कलमांना नवे आकडे काय पडले त्याची झेरॉक्स मागितली. सर भाषणाला उठले नाहीत. त्यांनी जुन्या पुस्तकात पेन्सिलने नवे आकडे लिहून काढले आणि मला बोलावून दाखवलं. कट पूर्वी एकशे वीसमध्ये होता आणि प्रयत्न पाचशे अकरामध्ये. आता एकसष्ट आणि बासष्ट. "इतकी वर्षं दोघांत जवळजवळ चारशे कलमांचं अंतर होतं," ते म्हणाले. "आता शेजारी राहायला आले. पटतंय का बघू." पेटीतल्या चिठ्ठीवरचा आकडाही त्यांनी त्याच दिवशी बदलला.

आणखी एक सवय सांगायला हवी. सर देवळात जात नसत. काकू आत जायच्या. सर बाहेर रस्त्यावरून हात जोडायचे आणि चपलांच्या ढिगाकडे बघत उभे राहायचे. लोक त्यांना नास्तिक समजत. पायात बारा महिने नाडीचे बूट, दुहेरी गाठ मारलेले. मी त्यांना चपलेत कधी पाहिलं नाही. यामागे काहीतरी गोष्ट आहे असं मला नेहमी वाटायचं, पण सरांना गोष्टी विचारण्यात अर्थ नसे. ते उलटतपासणी सुरू करायचे.

*

आबा आले ते नव्या कायद्याच्या पहिल्याच सुगीत. कुसगावच्या पलीकडच्या एका वाडीतले शेतकरी, साठीच्या पुढचे, धुतलेला सदरा आणि हातात टोपी. बरोबर मुलगी, सारिका. ती पोलीस भरतीत निवडली गेली होती, ट्रेनिंगचं बोलावणं यायचं होतं, आणि मधे उरली होती फक्त चारित्र्य पडताळणी. त्याच आठवड्यात तिच्यावर, आबांवर आणि वाडीतल्या सहा जणांवर गुन्हा नोंदला गेला होता. भात चोरल्याचा, आणि चोरीचा कट केल्याचा. अटक झाली नव्हती. नोटिसा आल्या होत्या. पण पडताळणीच्या फॉर्मवर प्रलंबित गुन्ह्याचा रकाना असतो आणि तो भरावा लागतो.

आबांचं म्हणणं साधं होतं. चोरी मी केली. माझं नाव ऱ्हाऊ द्या, पोरीचं आन् गड्यांचं काढा.

"एकट्याला कट करता येत नाही, आबा," सर म्हणाले. "त्याला दोन तरी माणसं लागतात."

"मग निस्ती चोरी लिवा."

सर खुर्चीत पुढे सरकले. इतक्या वर्षांत निरपराध असल्याचं सांगणारे शेकड्याने आले होते; गुन्हा आपल्या नावावर करून मागणारा हा पहिलाच. त्यांनी चहा मागवला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

तीन वर्षांपूर्वी आबांनी वरची जमीन मुंबईच्या एका साहेबांना विकली होती. साहेब मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, निसर्गाचे प्रेमी. त्यांनी बंगला बांधला, त्याला ऋषीच्या आश्रमाला शोभेल असं नाव दिलं आणि फाटकावर "येथे शांततेचा आदर केला जातो" अशी पाटी लावली. पाटीखाली दोन कुत्रे सतत भुंकत असायचे. तारेच्या कुंपणाच्या बाहेर, ओढ्याच्या बाजूला एक भातखाचर होतं. व्यवहाराच्या दिवशी दलालाने बूट चिखलात जातील म्हणून गाडीतून न उतरता काचेतून हात दाखवला होता, "हे असं, ओढ्यापर्यंत." आमच्या मावळात हद्दीचा दगड हलवणारे पुष्कळ आहेत, पण चार माणसांसमोर दाखवलेला हात हलवणारा सापडणार नाही. आबांनी तो हात मान्य केला. खाचर गेलं, असं समजून चालले.

साहेबांना मात्र गॅलरीतून हिरवं भात दिसायला हवं होतं. म्हणून त्यांनी आबांना सांगितलं, दर पावसाळ्यात इथे लावणी करा. बी तुमचं, मेहनत तुमची, मला फक्त दिसू दे. कापायचं मात्र मी सांगेन तेव्हा. दिवाळीला त्यांचे पाहुणे येत, आणि पाहुण्यांना सोनेरी शेत बघायचं असे. आबांनी शब्द दिला. दोन वर्षं भात दिवाळी उलटेपर्यंत उभं राहिलं, पाहुण्यांनी फोटो काढले, आणि लोंब्या खाली झडून गेल्या. जे उरलं ते पाखरांनी नेलं.

"इंद्रायनी हाय साहेब," आबा म्हणाले. "वास सुटलेला असतोय. पिकल्यालं भात हुभं झडताना बगायचं, आन् आपुन बांधावरनं जायाचं. दोन साल बगितलं. तिसऱ्या साली न्हाई बगवलं."

तिसऱ्या वर्षी त्यांनी ठरवलं, साहेब नसताना कापायचं. सावड घातली. सावड म्हणजे आज तुमच्या रानात मी, उद्या माझ्या रानात तुम्ही. मजुरी नाही, काम झाल्यावर एकत्र जेवण. शेजारच्या सहा जणांना निरोप सारिकाने मोबाइलवरून पाठवला, आणि तोच आता तिच्या विरुद्धचा मुख्य पुरावा होता: "उद्या उजाडता खालच्या खाचरात कापणी. विळे घेऊन या. गवगवा नको."

सरांनी तो निरोप दोनदा वाचला. "गवगवा नको," ते म्हणाले. "या दोन शब्दांनी सावडीचा कट झाला. एरवी दोन्हींत फरक काय, तर सावडीत जेवण असतं."

"जेवन ऱ्हायलंच साहेब," आबा म्हणाले. "पेंढ्या खळ्यावर आल्या, तवर बंगल्याच्या राखनदारानं साहेबाला फोन केल्ता, आन् पोलिसांची गाडी आली. गडी उपाशी गेले."

मला ते विसरता आलं नाही. आठ माणसांवर गुन्हा, मुलीची नोकरी टांगणीला, आणि या माणसाच्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट ही, की सावडीचे गडी जेवल्याशिवाय गेले.

उठता उठता आबांचं लक्ष पेटीकडे गेलं. सरांनी हौसेने सांगितलं, की आत काही नाही, तरी उघडायला गेलात तर गुन्हा. आबांनी पेटी निरखली. "काईच न्हाई तर कुलूप कशापायी?" सरांनी रिकामा झालेला चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला. मला तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावासा वाटला.

*

गुन्ह्याची जागा पायाने मोजल्याशिवाय सर वकीलपत्र घेत नसत. पोलीस पंचनामा डोळ्यांनी करतात, आपण पायाने करायचा, असं ते म्हणत. आम्ही गेलो. काळा कोट, दुहेरी गाठीचे बूट, आणि बांधावरून एकेक पाऊल टाकत, ओठांत आकडे पुटपुटत चाललेले सर. वरून बंगल्याचे कुत्रे भुंकत होते. त्यांनी खाचर मोजलं नाही. बंगल्याच्या तारेला बाहेरून पूर्ण फेरी मारली. मग बांधावर बसून खरेदीखताची प्रत काढली, त्यातलं क्षेत्र बघितलं, आणि बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिले.

परत येताना रिक्षात म्हणाले, "वकीलबाई, बंगलेवाल्या साहेबांना मोजणीचा सल्ला द्यायला हवा."

मला वाटलं, सरांना ऊन लागलं. मोजणीत खाचर साहेबांचं ठरलं की आपला खेळ संपलाच. तसं म्हणालेही. सर "हं" म्हणाले.

पोलीस ठाण्यात बंगलेवाल्या साहेबांची गाठ पडली. गुबगुबीत, गोरे, रागाने आणखी तुकतुकीत. त्यांनी पुरवणी जबाबात "नियोजित निसर्गदृश्याची हानी" असं लिहून आणलं होतं, आणि तपासावरचे हवालदारसाहेब ते कुठल्या रकान्यात घालायचं या विवंचनेत होते. सर अतिशय नम्रपणे साहेबांना म्हणाले, की आमच्या गरीब अशिलाचा उद्या काही घोळ नको. आपण स्वतः तातडीची मोजणी मागवावी, म्हणजे एकदाचं कागदावर येईल. साहेबांना प्रतिपक्षाच्या वकिलाचा हा शरणागत सूर आवडला. त्यांनी तिथूनच भूमी अभिलेखमधल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मोजणीला निम्मी वाडी जमली. साहेब गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मोजणीवाल्याने काठीवरचं यंत्र चार कोपऱ्यांना उभं केलं, टॅबवर काहीतरी जुळवलं, पुन्हा जुळवलं, आणि कपाळ खाजवत गॅलरीकडे बघितलं. विकलेली जमीन तारेच्या आतच पुरी भरत होती. सरांनी पावलांनी काढलेला हिशेब यंत्राने वीतभर फरकाने खरा केला. खाचर कधी विकलंच गेलं नव्हतं. सातबाऱ्यावर ते तीन वर्षं आबांच्याच नावाने उभं होतं. कुणी बघायला गेलं नव्हतं, कारण हात दाखवून झाला होता. उलट बंगल्याच्या फाटकाजवळचा दिव्याचा खांब आबांच्या हद्दीत निघाला.

"खांब काढायला लावू?" मी आबांना विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. उजेड पडतो वाटंवर."

वाडी हसत होती. सारिकाने तोंडाला ओढणी लावली होती. रडत होती की हसत होती ते कळलं नाही. एकटे आबा गंभीर होते. आपण स्वतःचंच भात चोरलं, हे त्यांना अजून पचत नव्हतं.

खरी अडचण तिथूनच सुरू झाली. हवालदारसाहेबांना मोजणीच्या नकाशासह पुन्हा जबाब घ्यायचा होता. आबांनी "माझं भात मी कापलं" एवढं म्हटलं की प्रकरण बंद व्हायला हरकत नव्हती. आबा तसं म्हणायला तयार होईनात. खाचर माझं हाय हे कापताना कुटं ठावं व्हतं, असं त्यांचं म्हणणं. मनात चोरीच व्हती. खोटं सांगून पोरीला पोलिसात धाडू? तितं ती खरं-खोटं बगायलाच निगालीय न्हवं?

ऑफिसात सारिका त्यांच्यासमोर बसली होती. पहाटे चारला उठून रस्त्यावर धावून तिने ती नोकरी मिळवली होती. वडिलांकडे न बघता तिने सरांना विचारलं, "सर, मग मी कट केला होता की नव्हता?"

"कागदावर नाही," सर म्हणाले.

"कागदावरचं नाही विचारत."

खाली गूळ कढत होता. सरांनी पेन्सिल उचलली, ठेवली. ते सहज म्हणू शकले असते, की बेकायदा गोष्टीचं संगनमत म्हणजे कट, आणि स्वतःचं पीक कापणं बेकायदा नाही. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. तिला ते म्हणाले नाहीत. आबांकडे वळले. "आबा, उद्या हवालदार विचारतील त्याचंच उत्तर द्या. काय केलं ते सांगा. मनात काय होतं ते त्यांनी विचारलं तर सांगा. विचारलं नाही तर त्यांच्या अंगावर टाकू नका. खोटं एक अक्षर बोलू नका. चालेल?"

आबांनी मान हलवली. "विचारलं तर सांगनार."

"सांगा."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात मी सरांच्या शेजारी बसले होते.  सर बुटांच्या गाठीकडे बघत होते. हवालदारसाहेबांनी नाव, वय, धंदा लिहून घेतलं. मग पेन रोखून विचारलं, "भात कुणाचं कापलं?"

आबांनी हातातली टोपी नीट केली. मग म्हणाले, "माजंच. असं मशीन म्हनतंय."

पेन हवेत थांबलं. हवालदारसाहेबांची नजर आबांवरून सारिकाकडे गेली. ती दाराशी पाय जुळवून, हात मागे बांधून उभी होती; कुणी शिकवलं नव्हतं तरी. हवालदारसाहेबांनी घसा साफ केला आणि लिहिलं: "माझेच." मशीनचा उल्लेख त्यांना अनावश्यक वाटला असावा. मनात काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस. काय विचारू नये, हे त्याला ठाऊक होतं.

पोलिसांनी "क" समरीचा अहवाल पाठवला. फिर्याद खरी असते किंवा खोटी असते, असं बाहेरच्यांना वाटतं. खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झाली, अशांसाठी कायद्याने तिसरा खण ठेवलेला आहे, तो "क". सर त्या अक्षरावर फार खूश असत. साहेबांना कोर्टाची नोटीस गेली. ते हरकत घ्यायला आले नाहीत. अहवाल मंजूर झाला. सारिकाचा फॉर्म पुढे सरकला, आणि काही आठवड्यांनी ट्रेनिंगचं पत्र आलं.

*

सारिका ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी आबांचं बोलावणं आलं. सावडीचं जेवण राहिलं होतं, ते घालायचं होतं. त्याच भाताचं.

खाचरातच, सुकलेल्या धसकटांवर ताडपत्री अंथरली होती. सहा गडी, त्यांच्या घरच्या बायका, सारिका, आणि आम्ही तिघं; काकूही आल्या होत्या. वाफाळलेला इंद्रायणी, वालाचं कालवण, ठेचा. पान मांडण्यापूर्वी आबा वर बंगल्यात जाऊन साहेबांना बोलावून आले होते. मी विचारलं, त्यांना कशाला? त्यांनी तर तुम्हाला चोर ठरवलं होतं. आबा म्हणाले, "त्येंना सबूद दिल्ता, कापनार न्हाई म्हनून. त्यो मोडला न्हवं. त्यो काय मशीनमदी निगत न्हाई."

साहेब येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण आले. पायजमा-कुडत्यात, कुत्रे न घेता, जरा अवघडून. ताडपत्रीच्या कडेला चपला काढून बसले. पहिल्या घासानंतर त्यांनी विचारलं, हा तांदूळ कुठे मिळतो. एक गडी म्हणाला, "तुमच्या फोटूत हाय की." साहेब सगळ्यांत उशिरा हसले, पण हसले.

सरांना बूट सोडायला वेळ लागला. दुहेरी गाठ. मी त्यांचे अनवाणी पाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. जेवण संपत आलं तेव्हा ते आबांकडे झुकले आणि त्यांनी प्रश्न विचारला. देऊळ, ढीग, बरा जोड, इकडेतिकडे बघणं, घर, उजेड. त्यांनी तो नेहमीच्याच शब्दांत विचारला, पण आवाज परीक्षा घेणाऱ्याचा नव्हता.

आबांनी हातातला घास खाली ठेवला नाही. "गुन्हा देवळातच झाला की, साहेब. घरला येऊन फकस्त चपला वळखल्या."

या वेळी सरांचं "हं"सुद्धा नाही. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या पानावर न विचारता भात वाढला. इतक्या वर्षांत मला जे विचारायचं होतं, की देवळातून ते चपला घालून निघालेला माणूस कोण, ते त्या वाढण्यातच मला कळलं, आणि मग ते विचारायचं राहूनच गेलं.

निघताना सर बांधावर बसून गाठी मारत होते. मी शेजारी उभी. बंगल्याजवळचा दिवा लागला होता आणि वाटेवर उजेड पडला होता.

"वकीलबाई," ते मान खाली घालूनच म्हणाले, "तुमचं उत्तर बरोबर होतं."

नऊ वर्षांनी निकाल लागला होता. मी आभार मानण्याच्या बेतात होते.

"मार्क मात्र आबांना," ते म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाला हात घातला. त्या बुटाला त्यांनी साधीच गाठ मारली.

पुढच्या सोमवारी एक मुलगी ज्युनिअरच्या जागेसाठी आली. नुकतीच परीक्षा पास झालेली. तिला सगळं येत होतं. मी कोपऱ्यात फाइल चाळत कान देऊन बसले. सरांनी तिच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि तिला मराठी टायपिंग येतं का, एवढंच विचारलं.